जळक्या ऑइलच्या पेट्या

सर, तुमच्या पेट्या अजून ठणठणीत आहेत. दगड मात्र गेले. हे तुम्हाला दुसरं कुणी कळवणार नाही म्हणून मी कळवते आहे, आणि कळवताना मला आनंद होतो आहे हेही आधीच सांगून टाकते. तुंगार्लीतल्या तुमच्या बंगल्याच्या फाटकावर आता तुमच्या नावाची पाटी नाही. एक इंग्रजी नाव आहे आणि खाली 'स्विमिंग पूल उपलब्ध' असं लिहिलेलं आहे. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची माणसं गाणी लावून डुंबतात. मागचं आंब्याचं झाड काढून तो पूल केलाय. ज्या ओट्यावर तुम्ही आम्हाला तासन्‌तास उभं करून दगडांची नावं विचारायचात, तिथे आता ओले टॉवेल वाळत घालतात. मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही.

तुमच्या सूनबाईंचा फोन आला तेव्हा मी घाटात होते. बोगद्याच्या कामावर भूवैज्ञानिक म्हणून आहे मी आता, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, बाबांच्या नावानं दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं ठरवलंय. पहिलं तुम्हीच द्यायचं. बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे." कोणत्या सुरात काढायचे ते मी विचारलं नाही. पुढे म्हणाल्या, "आणि गॅरेज रिकामं करतोय. आत तुमच्या कामाचे दगड आहेत म्हणे. उपयोगाचे असतील तर घेऊन जा, नाहीतर लॉनच्या कडेला लावून टाकू." मी दोन्हीला हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. ज्या संधीची मी सोळा आणे आशा सोडली होती ती तुमच्याच घरच्यांनी माझ्या पदरात टाकली होती, वर हार-तुरे आणि चहापानासह.

तुम्हाला आठवतं का, सर, ते कोअर पहिल्यांदा आले तो दिवस? कोअर म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे लांब दंडगोल, हे मला तुम्हीच शिकवलंत. ट्रक विदर्भातून आला होता. आपल्या मावळात शेल नाहीच. लोहगडापासून तिकोण्यापर्यंत सगळा काळा पाषाण, त्यात गॅस शोधणं म्हणजे वरवंट्यातून दूध काढणं. शेल हा गाळाचा दगड, पापुद्र्यापापुद्र्यांचा, तो कोळशाच्या खोऱ्यांतून यायचा. त्या वर्षांत आपल्या विषयातल्या माणसांच्या तोंडी एकच गोष्ट होती. त्या दगडात गॅस अडकून बसलेला असतो, परदेशात दगड फोडून तो काढायला लागलेत, आपल्याकडेही असेल. किती, कुठे, निघेल की नाही, कुणालाच धड काही माहीत नव्हतं. कॉलेजचं गोदाम गळत होतं, आणि तुमचा कुणावर विश्वास नव्हता, म्हणून त्या लाकडी पेट्या तुमच्या गॅरेजात उतरल्या. तुमची गाडी त्यानंतर कायम बाहेर पावसात उभी राहिली.

बंगल्याची राखण करणारे भाऊ, तिकोणा पेठेचे, पेट्या उतरवायला मदत करत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, हितं गॅस निघनार व्हय? मंग शिलेंडरचा तरास गेला म्हनायचा." तुम्ही ऐकलंत आणि मोठ्यानं हसलात. मग पहिल्या पेटीतून एक तुकडा उचललात, नखानं त्याचा कोपरा मोडलात आणि मला म्हणालात, "दाताखाली घे." मला वाटलं चेष्टा करताय. तुम्ही स्वतः एक कपचा पुढच्या दातांत धरून चावत होतात, बडीशेप खावी तशी. "करकर लागली तर रेती. नाही लागली तर चिकणमाती. भिंग नंतर, मशीन त्याच्याही नंतर. आधी दात." मी चावलं. काहीच लागलं नाही, गुळगुळीत, जिभेला चिकटणारं. मी म्हटलं, "लोणी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर."

हा शब्द तुम्ही फार जपून वापरायचात. शाब्बास, छान, वा, हे तुमच्या तोंडात नव्हतंच. उत्तर चुकलं की तुम्ही नुसतं पुढच्या मुलाकडे पाहायचात. बरोबर असलं तरी बहुतेक वेळा पुढच्या मुलाकडेच पाहायचात. कधीतरी, मनात आलं तर, 'बरोबर'. त्या एका शब्दासाठी आम्ही पोरं उन्हातान्हात तुमच्या मागे मैलोन्‌मैल चालायचो. त्या दिवशी तो मिळाल्यावर तुम्ही पुढे म्हणालात, "लोणी आहे. म्हणजे हा फुटणार नाही. दाब दिला तर वाकेल, चेपेल, पण तडा जाणार नाही. आत गॅस असला तरी हा दगड तो सोडणार नाही." गॅरेजच्या दारात उभे होतात, हाताला दगडाची काळी भुकटी लागली होती, ती विजारीला पुसलीत. हे वाक्य मी विसरावं अशी तुमची नंतर फार इच्छा होती, पण ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

आणि तुमचं स्वयंपाकघर. काकूंचा लोखंडी खलबत्ता तुम्ही दगड कुटायला उचललात तेव्हा काकूंनी आठवडाभर तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्यांनीच माझ्यासाठी ओट्याचा एक कोपरा मोकळा करून दिला. मी शेल कुटत असायची, त्या शेजारी शेंगदाणे भाजत असायच्या, आणि मधूनच म्हणायच्या, "पोरी, तुझं पीठ आणि माझं कूट एकत्र करू नकोस गं." तुमच्यापेक्षा त्याच मला बऱ्या वाटायच्या. एकदा तुम्ही तुमच्या गळ्यातलं भिंग काढून माझ्या गळ्यात घातलंत, काळ्या दोरीचं, कडेला घासून पितळ दिसणारं. "तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत आता," म्हणालात. मी ते घालून तळेगावला घरी गेले, तर आईला वाटलं मी गंडा बांधून घेतला.

पहिल्या वर्षीचे आकडे बेताचेच आले. दगडाची भुकटी छोट्या भट्टीत हळूहळू तापवायची. आधी मोकळं असलेलं तेल बाहेर येतं, मग दगडात मुरलेलं. मोकळं तेल जवळजवळ नव्हतंच. तुम्ही गप्प गप्प असायचात. परिषदांमध्ये तुमच्यानंतर आलेली माणसं मोठमोठे नकाशे दाखवत होती, आणि तुम्ही मागच्या रांगेत बसून पेन उघडझाक करायचात. मग उन्हाळा आला. मी पुढचे कोअर आणायला विदर्भात गेले होते. मावळात काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याच्या घरी लाकूड आहे तो मोटारीच्या गॅरेजातून जळकं ऑइल आणतो, इंजिनातून काढलेलं, काळंशार, आणि दारं, चौकटी, गोठ्याचे खांब, सगळ्याला ब्रशनं फासतो. मग वाळवी शिवत नाही आणि चार महिन्यांच्या धारेतही लाकूड सडत नाही. तुम्ही भाऊंना सांगितलंत, फाटकाला मारताय तसं पेट्यांनाही मारून घ्या, आतून-बाहेरून. तुमच्यासारखा माणूस, ज्यानं आम्हाला नमुन्यावर बोटाचा ठसासुद्धा उमटू दिला नाही, तो हे सांगून गेला. कारण त्या क्षणी तुम्ही शास्त्रज्ञ नव्हतात, पावसाची धास्ती घेतलेला लोणावळ्याचा घरमालक होतात. इथवर मी तुम्हाला माफ केलं असतं. इथवर ती चूक होती, आणि ती आपल्या मुलखात राहणाऱ्या कुणाच्याही हातून झाली असती.

पावसाळ्यानंतर त्याच पेट्यांतले नमुने मी पुन्हा कुटले आणि आकडा टणकन वर गेला. मोकळं तेल, भरपूर. तुम्ही फोनवर फोन केलेत. त्या दिवशी काकूंनी शिरा केला. मी मात्र पुन्हा पुन्हा ते कागद बघत होते, कारण दगड असा वागत नाही. कोअरच्या कडेचा तुकडा घेतला की आकडा जास्त, मधोमधचा घेतला की कमी. दगडाचं स्वतःचं तेल आतून येतं, सर, बाहेरून नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मी गॅरेजात गेले आणि रिकाम्या पेटीत डोकं घातलं. नुसत्या वासानंच कळलं. जून महिन्यात सगळं लोणावळं त्याच वासाचं असतं, म्हणून इतके दिवस नाकाला वेगळं काही जाणवलं नव्हतं.

मी धावत स्वयंपाकघरात आले. तुम्ही ओट्याला टेकून चहा पीत होतात. मी सगळं सांगितलं, कडेचं, मधलं, पेटीचं, ऑइलचं. मला दम लागला होता. खरं सांगते, मी भलतीच खूश होते. तुमच्याकडे इतकी वर्षं शिकून मी पहिल्यांदा एक गोष्ट तुमच्या आधी ओळखली होती, आणि मी त्या शब्दाची वाट बघत होते. तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "आकडे मशीननं दिलेत. मशीनला वास येत नाही." मी म्हटलं, "पण सर, पेटीला येतोय ना." तर तुम्ही म्हणालात, "तू नमुने कर. अर्थ मी लावेन." काकूंनी गॅस बारीक केला आणि शेंगदाण्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्या मानेवरून मला समजलं की त्यांनाही कळलंय.

तुम्ही ते आकडे छापलेत. वर त्या शेलबद्दल लिहिलंत, 'ठिसूळ, सहज तडे जाण्याजोगा'. लोण्याला ठिसूळ म्हणालात, सर. जो दगड तुम्ही स्वतः चावला होतात, त्याच्याबद्दल स्वतःच्या दातांशी खोटं बोललात. ऑइलची गोष्ट एकवेळ तुम्हाला पटली नसेल, तुम्ही स्वतःची समजूत घातली असेल, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. पण ठिसूळ? तो एक शब्द तुम्हाला कुठूनही सोडवत नाही. तुमच्या त्या लेखाच्या जोरावर एका कंपनीनं भोक पाडलं. त्यातून काही निघालं नाही. निघणार कसं? मग बैठक बोलावली, विचारणा झाली, आणि तुम्ही उभे राहून शांतपणे म्हणालात, "नमुने तयार करणाऱ्या विद्यार्थिनीकडून स्वच्छतेत हयगय झाली असावी." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं नाही, एकेकानं पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

त्यानंतर मी बंगल्यावर आले ती भांडायला. तुम्ही बाहेर आला नाहीत. आत स्वयंपाकघरात बोलावलंत आणि काकूंच्या समोर हात पुढे केलात. "भिंग दे." मी गळ्यातून काढून दिलं. तुम्ही ते खिशात टाकलंत आणि जेवायला बसलात. प्रबंधावर तुमची सही झाली नाही, ती कधीच झाली नाही, आणि सहीशिवाय तो पुढे सरकला नाही. डॉक्टरेटचं म्हणाल तर तिथेच संपलं. लोकांना वाटतं माणूस अशा मोठ्या गोष्टींचा राग धरून बसतो. मला त्या भिंगाचा राग जास्त आला. माझं आता स्वतःचं भिंग आहे, तुमच्यापेक्षा भारी, आणि त्याची दोरी लाल आहे.

तर गेल्या महिन्यात मी तुमच्या गॅरेजात पाय ठेवला. सूनबाई दारात छत्री घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत तिथे कुणी हात लावला नव्हता. वरचा पत्रा एका बाजूनं फाटलेला, पाऊस थेट आत. पेट्या जशाच्या तशा, एकावर एक. एक फळी सडलेली नाही, एक खिळा हललेला नाही, वाळवीचा माग नाही. भाऊंनी ऑइल चोख मारलं होतं. आणि आत, ज्या खाचांमध्ये कोअर ठेवले होते, तिथे चिखल. शेलला लोणावळ्याचं पाणी लागलं, तो फुगला, पापुद्रे सुटले, आणि गाळाचा पुन्हा गाळ झाला. मधेमधे पिवळट पूड, ती गंधकाची. तुमची सगळी हयात, तुमचं नाव, माझी वर्षं, आता हातानं थापता येईल अशी माती झाली होती. मी एका रिकाम्या पेटीची फळी काढून मागितली. सूनबाईंना वाटलं आठवण म्हणून. मी म्हटलं, हो, आठवण म्हणूनच.

मग मी पवनानगरला गेले. भाऊंनी तिथे धरणाकाठी पाहुण्यांसाठी तंबू टाकलेत, चांगलं चाललंय त्यांचं. केस पांढरे झालेत, पण ओळखलं लगेच. मी फळी समोर ठेवली. म्हटलं, "भाऊ, याला ऑइल कुणी मारायला सांगितलं होतं, आठवतंय?" ते हसले. "सायबांनीच की. मी म्हनलं बी, आतून कशाला, तितं तर दगूड हायेत. तर म्हनले, मार तू, पावसाचं काय सांगता येतं." मी त्यांना सांगितलं की त्या ऑइलपायी माझं काय झालं. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. हातातला ग्लास तसाच राहिला त्यांच्या. "माझ्या हातचं ऑइल, अन् खापर तुमच्यावर व्हय? मला इचारायचं तरी. मी सांगितलं असतं चार लोकांत." मी म्हटलं, "आता सांगाल?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सायेब ग्येले आता. पन तुमी बोला. कुनी आलंच इचारायला तर मी हाय हितं. ह्ये मात्र लय वंगाळ क्येलं त्यांनी." इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. येताना मी गाडी तुंग-तिकोण्याच्या मधल्या रस्त्याला थांबवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

व्याख्यानाची पत्रिका आली, तर तिच्यावर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलेलं. सूनबाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही नाही का? आम्हाला वाटलं बाबांची विद्यार्थिनी म्हणजे असणारच." मी मंचावर उभी राहिले आणि आधी हेच सांगितलं. मी डॉक्टर नाही, आणि का नाही ते आता ऐका. सगळा हॉल तुमच्या माणसांनी भरलेला. तुमचे जुने सहकारी, निवृत्त झालेले, रुमालानं चष्मे पुसणारे. तुमचा फोटो, त्याला हार. मी फळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खलबत्ता, शिरा, मशीनला वास येत नाही, ठिसूळ, तिसरी रांग, भिंग. आवाज कापू दिला नाही. कित्येक वर्षं घाटात, बोगद्याच्या तोंडाशी, मी या भाषणाची तालीम केली होती.

आणि ते हसले, सर. आधी वाटलं अवघडून हसताहेत. पण नाही, मनापासून. खलबत्त्याला हसले, काकूंच्या अबोल्याला हसले, ऑइलला तर टाळ्या पडल्या. भिंग परत मागितल्याचं सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अगदी सर! डिट्टो!" फळी हातोहात पूर्ण हॉलमध्ये फिरली. प्रत्येकानं तिचा वास घेतला, दोघांनी तिच्यासोबत फोटो काढला. तुमचे ते जुने मित्र, जे त्या बैठकीत पहिल्या रांगेत होते, काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "काय किस्सा सांगितलात! माणूस डोळ्यासमोर उभा केलात. मोठ्या माणसांच्या चुकासुद्धा कशा लोभस असतात." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी फाशी द्यायला गेले होते आणि तुम्हाला हार घालून आले. चहा-बटाटेवडे झाले. सूनबाईंनी मला शाल दिली.

घरी येऊन मी ती शाल मोरीत टाकली. राग असा आला होता की जेवण गेलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं ते सांगते. त्या हॉलमध्ये एकालाही कळलं नाही की लोण्याला ठिसूळ म्हणणं म्हणजे काय. त्यांना ऑइल कळलं, कारण ते त्यांच्याही फाटकांना लावलेलं आहे. पण स्वतःच्या दाताला समजलेलं हातानं उलटं लिहिणं, याची लाज फक्त एकाच माणसाला वाटली असती, आणि तो भिंतीवर हारात लटकत होता. मला तुम्ही जिवंत हवे होतात. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, पेन उघडझाक करत. मला तुमचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, आणि तेवढंच तुम्ही मला मिळू दिलं नाहीत.

म्हणून मग मी दुसरं केलं, जे मला आधीच सुचायला हवं होतं. तुमच्या गॅरेजात आलेल्या कोअरचाच, उभा चिरून मागे ठेवलेला, दुसरा अर्धा भाग विदर्भातल्या एका गोदामात पत्र्याच्या ट्रेमध्ये कोरडा पडून होता. एका मैत्रिणीनं तो तपासून दिला. मोकळं तेल नाही. चिकणमाती भरपूर. फळीवरून खरवडलेलं ऑइल तपासलं, तर तुमच्या छापलेल्या आलेखातला तो उंच सुळका जसाच्या तसा त्यातून निघाला. मी पानभर शुद्धिपत्र लिहिलं आणि तुमचा लेख जिथे छापला होता तिथेच पाठवलं. त्यांनी ते घेतलंय. यापुढे जगात कुणीही तुमचा तो लेख उघडला की त्याला आधी माझं पान लागणार. त्यात किस्सा नाही, काकू नाहीत, शिरा नाही. त्याला कुणी हसणार नाही.

पण एका वाक्यावर मी चार दिवस अडले, सर. तो दगड फुटणार नव्हता हे आधीपासून माहीत होतं, हे दाखवायला माझ्याकडे सगळ्यात जुना पुरावा कोणता? तुमचाच. गॅरेजच्या दारातला. मी आधी लिहिलं, 'प्राथमिक पाहणीतच हे दिसून आलं होतं'. वाचलं आणि खोडलं. ज्याचं काम त्याचंच नाव पुसून टाकायचं, हा तुमचा हातखंडा होता. म्हणून मग तुमचं नाव घातलं. पहिल्याच दिवशी, नुसतं चावून, या शेलात चिकणमाती जास्त आहे आणि तो फुटणार नाही असं मत त्यांनी दिलं होतं. ते बरोबर होतं. या वाक्यानं तुम्ही खोटे ठरता, कारण ते वाचल्यावर कुणालाही कळेल की तुम्हाला माहीत होतं. आणि याच वाक्यानं तुम्ही मोठेही ठरता. एक ठेवून दुसरं काढायचा मी फार प्रयत्न केला, जमलं नाही. जो शब्द तुम्ही मला त्या स्वयंपाकघरात दिला नाहीत, तो मी तुमच्या नावापुढे लिहून छापायला दिला. मला याचा अजूनही राग आहे.

शुद्धिपत्र गेलं. हे पत्र कुठेही जायचं नाही, सूनबाईंनाही नाही आणि भाऊंनाही नाही. पण लिहायला बसलेच आहे तर एक राहिलेलं सांगते. त्या दिवशी गॅरेजात, फळी मागायच्या आधी, मी पेटीतल्या त्या चिखलातून एक घट्ट राहिलेला कपचा काढला, पदराला पुसला आणि दाताखाली घेतला. का, ते विचारू नका. बोगद्यात लाल मातीचा थर लागला तरी मी हेच करते, पोरं हसतात. करकर लागली नाही. मी मोठ्यांदा म्हणाले, "लोणी." आणि मागे वळून, त्या दिवशी तुम्ही उभे होतात त्या दाराकडे बघत उभी राहिले.

सूनबाईंनी छत्री खाली केली आणि विचारलं, "काही हवंय का, मॅडम?" मी नाही म्हटलं.